फलाटावरचं फुकट वायफाय आणि पासवर्ड मागणारं पान

प्रश्न : मी रोज लोकलने कामावर जाते. गाडीला उशीर असला की फलाटावरचं मोफत वायफाय लावते. नेहमी मोबाइल नंबर आणि ओटीपी विचारतात. गेल्या सोमवारी मात्र ओटीपी न मागता ‘गूगल खात्याने लॉग-इन करा’ असं पान आलं. घाईत ईमेल आणि पासवर्ड टाकला. नेट सुरूही झालं. दुसऱ्या दिवशी गूगलची मेल आली, की विंडोजच्या एका कॉम्प्युटरवर माझ्या खात्याने साइन-इन झालंय. माझ्याकडे कॉम्प्युटरच नाही. भाऊ म्हणतो, व्हीपीएन टाक म्हणजे प्रश्न मिटला. मुलगा पुण्यात अभ्यासिकेत बसतो, तिथे वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला आहे, तोही त्यावरूनच पैसे पाठवतो. फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावला, की डेटा दुपारपर्यंत संपतो म्हणतो. आम्ही नक्की काय करावं?
— एक वाचक, ठाणे जिल्हा

उत्तर : ताई, व्हीपीएनचं नंतर बघू. तुमच्या जीमेलमध्ये कोणीतरी शिरलेलं आहे, त्याला आधी बाहेर काढा. हे काम आजच करा आणि मोबाइल डेटावर करा. वायफाय बंद ठेवा.

ब्राउझरमध्ये मायअकाउंट डॉट गूगल डॉट कॉम हा पत्ता स्वतः टाइप करून उघडा. मेलमधल्या लिंकवरून जाऊ नका, कारण अशा सूचनांच्या हुबेहूब नकलाही फिरत असतात. ‘सिक्युरिटी’मध्ये जाऊन पहिल्यांदा पासवर्ड बदला. मग ‘युवर डिव्हाइसेस’मध्ये दिसणारा तो विंडोज कॉम्प्युटर साइन-आउट करा. हा क्रम पाळा. जुना पासवर्ड तसाच असताना त्याला बाहेर काढलंत, तर दोन मिनिटांत तो परत आत येईल.

इथवर बहुतेक जण करतात आणि थांबतात. शिरलेला माणूस मात्र जाताना मागचं दार उघडं ठेवून गेलेला असू शकतो. म्हणून रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना, ते बघा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) आणि पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने साइन-इन करायची सोय) यांच्या यादीत अनोळखी काही असेल तर काढून टाका. त्यानंतर मुलाच्या लॅपटॉपवर जीमेल उघडून सेटिंग्जमधले ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ हे दोन टॅब तपासा. तुमच्या प्रत्येक मेलची प्रत परक्या पत्त्यावर जावी, किंवा बँकेच्या मेल आल्या आल्या कचऱ्यात जाव्यात, अशी सोय तिथे गुपचूप करून ठेवता येते. पासवर्ड बदलला तरी ती चालूच राहते. फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये हे धड दिसत नाही, म्हणून लॅपटॉप.

आता जरा कटू भाग. तुम्ही क्रोममध्ये ‘सेव्ह पासवर्ड’ म्हणत आला असाल, तर ते सगळे पासवर्ड याच गूगल खात्यात आहेत. म्हणजे गेला तो एक पासवर्ड नव्हे, किल्ल्यांचा जुडगा गेला. नेटबँकिंग, इन्कम टॅक्स, पीएफ, खरेदीची ॲप्स या क्रमाने सगळीकडचे पासवर्ड बदला. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही. गूगल फोटोजमध्ये आधार, पॅन, चेकबुकाचे फोटो आहेत का, तेही आठवा. असतील, तर आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक लावून ठेवा, म्हणजे बोटांच्या ठशाने आधारवर कोणी व्यवहार करू शकणार नाही.

व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघा आणि सहा आकडी टू-स्टेप पिन लावा. गूगललाही टू-स्टेप लावा, पण शक्यतो एसएमएसवर न ठेवता पासकी किंवा फोनमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरा. गूगल दहा बॅकअप कोड देतं, ते कागदावर लिहून कपाटात ठेवा. खात्यातून पैसे गेलेले दिसले, तर तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर फोन जाईल, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, आपल्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेने सोसायचं असतं. लाजेखातर चार दिवस थांबलात, तर तेवढे दिवस तुमच्या खात्यावर.

आता तुमच्या बाबतीत काय झालं ते बघू, कारण भावाचा सल्ला नेमका तिथेच चुकतो.

वायफायचं नाव म्हणजे नुसती अक्षरं. ती कोणीही कुठल्याही राउटरला देऊ शकतं, ना नोंदणी लागते ना परवानगी. खिशात मावणारा, बॅटरीवर चालणारा राउटर घेऊन त्याला स्थानकाच्या नेटवर्कचंच नाव दिलं, की काम झालं. तुमचा फोन पूर्वी जोडलेल्या नेटवर्कचं नाव लक्षात ठेवतो. बिनपासवर्डचं, त्याच नावाचं दुसरं काही जवळ आलं तर दोन्ही त्याला सारखीच दिसतात, आणि साधारणपणे ज्याचा सिग्नल जोरदार त्याच्याकडे तो जातो. फलाटावर बाकाखालच्या पिशवीतला राउटर छपरावरच्या खऱ्या खोक्यापेक्षा जवळच असणार.

२०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात नेमकं हेच उघडकीला आलं. पर्थ, मेलबर्न आणि ॲडलेडच्या विमानतळांवर, अगदी विमानातसुद्धा, खऱ्यासारख्या नावाचं मोफत वायफाय उभं करणाऱ्या माणसावर तिथल्या संघीय पोलिसांनी गुन्हे दाखल केले. जोडलेल्या लोकांना एक पान दिसायचं आणि ते ईमेल किंवा सोशल मीडियाच्या खात्याने लॉग-इन करायला सांगायचं. त्या माणसाला कोणाचं कूटलेखन (एन्क्रिप्शन) फोडावं लागलं नाही. लोकांनी पासवर्ड स्वतःच टाइप करून दिले. तुमच्या फलाटावरही बहुधा हेच घडलं.

हे मुद्दाम लांबवून सांगतोय, कारण ‘पब्लिक वायफायवर हॅकर तुमचं सगळं बघतो’ ही समजूत दहा-पंधरा वर्षं जुनी आहे. तेव्हा ती खरी होती. २०१० मध्ये फायरफॉक्ससाठी ‘फायरशीप’ नावाचं एक्स्टेन्शन आलं होतं. कॅफेत बसून ते लावलं, की त्याच वायफायवरच्या इतरांची फेसबुक खाती यादीत दिसायची आणि एका क्लिकवर उघडायची. तेव्हा बऱ्याच साइट लॉग-इनचं पान तेवढं एचटीटीपीएसवर (मजकूर कूटबद्ध करून पाठवायची पद्धत) ठेवत, पुढचा सगळा मजकूर उघड्यावर जायचा. आज बँक, मेल, व्हॉट्सॲप, यूपीआय, बातम्या, जवळजवळ सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत एचटीटीपीएसमधून जातं. शेजारच्या बाकावरच्या माणसाने तुमच्या लहरी पकडल्या, तरी त्याला कुठल्या साइटवर गेलात, किती वाजता, किती डेटा वापरलात एवढंच कळू शकतं. आतला मजकूर नाही. म्हणून हल्लेखोरांनी तारेवर कान लावणं सोडलं आणि तुमच्यासमोर पानं उघडायला सुरुवात केली.

खरा पहारा त्यामुळे जोडल्याबरोबर उघडणाऱ्या त्या पानावर हवा. त्याने तुमच्याकडे काय मागणं रास्त आहे? मोबाइल नंबर आणि त्यावर आलेला ओटीपी, इतकंच. आपल्याकडे हा ओटीपी का मागतात, त्याची मुळं नवी मुंबईपर्यंत जातात. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांची ईमेल सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून पाठवली गेली होती. त्या घरात राहणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण पोलीस आधी त्याच्याच दारात पोचले. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवणं सक्तीचं केलं. रेल्वे स्थानकांवरच्या रेलवायरचं पान नंबर आणि ओटीपी विचारतं ते म्हणूनच. (घरचा वायफाय शेजाऱ्यांना वाटणाऱ्यांनीही हा किस्सा ध्यानात ठेवायला हरकत नाही.)

ओटीपीचा एसएमएस मात्र पूर्ण वाचा, नुसते आकडे उचलू नका. खोटं पान तुमचा नंबर घेऊन त्याच क्षणी दुसरीकडे तो नंबर टाकू शकतं, आणि मग तुमच्या हाती येणारा सहा आकडी कोड वायफायचा नसून व्हॉट्सॲपचा किंवा एखाद्या वॉलेट ॲपचा असतो. कोड कशासाठी आहे, हे एसएमएसमध्ये लिहिलेलं असतं.

गूगल-फेसबुकचा पासवर्ड, कार्डाचा नंबर, ‘पडताळणीसाठी १ रुपया’, वेग वाढवणारं ॲप, फोनमध्ये बसवायचं ‘सर्टिफिकेट’ किंवा ‘प्रोफाइल’ यांतलं काहीही मागितलं, की वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या. यांतलं सर्टिफिकेट सगळ्यात वाईट. ते एकदा तुमच्या हाताने बसलं, की एचटीटीपीएसचं संरक्षणच मोडीत निघतं, कारण मधला माणूस स्वतःच्या बनावट ओळखपत्रावर तुमच्या ब्राउझरकडून होकार मिळवू शकतो. एपीके फाइलबद्दल (प्ले स्टोअरबाहेरून बसवायचं ॲप) तर बोलायलाच नको.

आणखी एक खाचखळगा. वायफायला जोडलं, पण लॉग-इनचं पान आपोआप आलं नाही, तर लोक सवयीने एखादी नेहमीची साइट उघडतात. नेटवर्क ती मध्येच अडवून स्वतःचं पान पुढे करायला बघतं आणि ब्राउझर लाल खुणेसह ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असं बजावतो. इथे हल्ला कोणी केलेला नसतोही, पण ‘तरीही पुढे जा’ दाबायची सवय लागते ती इथेच. मग खरा हल्ला झाला, तरी बोट तिकडेच जातं. त्यापेक्षा नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही साइट उघडा. ती मुद्दाम एचटीटीपीएसशिवाय ठेवलेली आहे, त्यामुळे लॉग-इनचं पान धाकधूक न होता येतं. बँकेच्या किंवा मेलच्या साइटवर तो लाल इशारा आला, तर फोनची तारीख-वेळ बरोबर आहे का तेवढं बघा (ती चुकली तरी इशारा येतो). ती बरोबर असेल, तर त्या नेटवर्कवरून उठा.

पत्त्याशेजारच्या कुलपावर मात्र विसंबू नका. कुलूप म्हणजे मधला रस्ता बंदिस्त आहे इतकंच, पलीकडे कोण बसलंय ते कुलूप सांगत नाही. ठगाच्या साइटलाही ते फुकट मिळतं. क्रोमने तर २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं. बघायचा तो पत्ता, आणि तोही साइटच्या नावाच्या शेवटापासून (डॉट कॉम, डॉट इन) मागे. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल, तर तो स्वतःहून पासवर्ड भरत नाही, हीच मोठी खूण. खोट्या पानाला तुम्ही फसता, तो फसत नाही, कारण तो रंगरूप न बघता पत्ता ताडून बघतो.

आता भावाच्या व्हीपीएनकडे. व्हीपीएन तुमच्या फोनपासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक बोगदा खणतो. फलाटावरच्या माणसाला मग तुम्ही कुठल्या साइटवर गेलात तेही दिसत नाही. पण सोमवारी तो असता, तरी तुम्ही वाचला नसतात. एक तर लॉग-इनचं पान पार केल्याशिवाय व्हीपीएन जोडलाच जात नाही, आणि दुसरं, बोगद्यातून नेला म्हणून खोट्या पानावर टाकलेला पासवर्ड खऱ्या ठिकाणी पोचत नाही. शिवाय बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या कंपनीला तेच सगळं दिसतं, जे आधी वायफायवाल्याला दिसत होतं. फुकट व्हीपीएनवाल्याचा खर्च कुठून निघतो, हा प्रश्न विचारून बघा. कुंपणच शेत खात असेल, तर राखण कोणाकडून? पैसे देऊन घेणार असाल, तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेले निर्देश माहीत असू द्या. त्यांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे. ते न मानवल्याने नॉर्डव्हीपीएन, एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर हलवले. ऑफिसने दिलेला व्हीपीएन असेल तर ऑफिसच्या कामाला जरूर वापरा. तुम्हाला वेगळा विकत घ्यायची गरज आम्हाला दिसत नाही.

त्यापेक्षा दोन मिनिटांची फोनची साफसफाई जास्त उपयोगी. वायफायच्या ‘सेव्ह्ड नेटवर्क्स’मध्ये जा. लग्नाचं कार्यालय, लॉज, हॉस्पिटल, मॉल अशी दोन-तीन वर्षांतली नावं सापडतील. घर आणि ऑफिस सोडून बाकी सगळी ‘फरगेट’ करा. स्थानकाचं ठेवायचंच असेल, तर त्याच्या नावापुढच्या चक्राच्या चिन्हावर दाबून ‘ऑटो-कनेक्ट’ बंद करा. आयफोनवर नावापुढच्या आय चिन्हात ‘ऑटो-जॉइन’ आहे. अँड्रॉइडवर ‘टर्न ऑन वायफाय ऑटोमॅटिकली’ हेही बंद करा. कंपनीगणिक ही नावं थोडी बदलतात. सेटिंग्जच्या शोधात वायफाय टाइप केलं तरी सापडतात. आयफोनवर कंट्रोल सेंटरमधलं वायफायचं बटण दाबून ते पूर्ण बंद होत नाही, फक्त तेवढ्यापुरतं तुटतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडायला लागतं. पुरतं बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये जावं लागतं. क्विक शेअर किंवा एअरड्रॉप (जवळच्या फोनला फाइल पाठवायची सोय) ‘एव्हरीवन’वर असेल, तर ‘काँटॅक्ट्स’वर आणा.

बँकेचं ॲप आणि यूपीआयचं विचारलंत. ॲपचं बँकेशी बोलणं बंदिस्त असतं, यूपीआय तुमच्या सिमला बांधलेलं असतं आणि पिन फोनमध्येच कूटबद्ध होऊन पुढे जातो. तेव्हा वायफायवरून केलेला एखादा व्यवहार कोणी चोरला असेल, या भीतीने झोप उडवून घेऊ नका. तरीही पैसे पाठवताना वायफाय बंद करा. यूपीआयच्या व्यवहाराला डेटा नगण्य लागतो, आणि कुठलं पान खरं, कुठलं खोटं, हा विचारच करावा लागत नाही. नेटबँकिंग ब्राउझरमधून करत असाल, तर त्यात पानांचा धोका अधिक, तिथे हा नियम सक्तीने पाळा.

मुलाच्या अभ्यासिकेची गोष्ट वेगळी आहे. तिथे पासवर्ड आहे, पण तो साठ जणांना ठाऊक आहे. डब्ल्यूपीए-टू या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत ज्याला पासवर्ड माहीत आहे, आणि तुमचं उपकरण जोडलं जातानाची सुरुवातीची देवाणघेवाण ज्याने पकडली, तो तुमच्या लहरी उलगडू शकतो. म्हणजे भिंतीवरच्या पासवर्डने बाहेरचा माणूस अडतो, शेजारच्या टेबलावरचा नाही. डब्ल्यूपीए-थ्री या नव्या पद्धतीत ही पळवाट बुजवलेली आहे. आत एचटीटीपीएस असल्याने यातून फारसं हाती लागत नाही, हे वर आलंच.

अभ्यासिकेत खरी भीती राउटरची आहे. १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, की राउटरचं पान उघडतं, आणि बऱ्याच ठिकाणी तिथला पासवर्ड कारखान्यातून आला तोच असतो, ‘ॲडमिन’. कंटाळलेला एखादा उमेदवार तिथे जाऊन डीएनएस (कुठला पत्ता कुठल्या सर्व्हरकडे न्यायचा ते सांगणारी सोय) बदलू शकतो. मग पत्ता बरोबर टाइप केला, तरी सगळ्यांची चौकशी तो म्हणेल त्या सर्व्हरकडे जाते. मुलाने स्वतः ते पान उघडून प्रयोग करू नये, चालकांना सांगावं. पाच कामं आहेत : ॲडमिन पासवर्ड बदलणं, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करणं, सुरक्षा डब्ल्यूपीए-टू एईएस किंवा डब्ल्यूपीए-थ्रीवर ठेवणं, फर्मवेअर (राउटरमधला मूळ प्रोग्राम) अपडेट करणं, आणि ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू करणं. या शेवटच्याने एका लॅपटॉपला दुसरा दिसेनासा होतो. मात्र वायफायवरचा प्रिंटर असेल, तर तोही दिसेनासा होईल. त्याला तार जोडावी.

लॅपटॉपवर मुलाने त्या वायफायच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘पब्लिक नेटवर्क’ निवडावं. ‘प्रायव्हेट’ असेल, तर नोट्स वाटण्यासाठी कधी शेअर केलेलं फोल्डर अख्ख्या खोलीला दिसू शकतं. अभ्यासिकेतल्या सामाईक कॉम्प्युटरवरून, किंवा परीक्षेचा फॉर्म भरायला गेलेल्या सायबर कॅफेतून, बँकेत कधीही लॉग-इन करू नये. तिथे वायफाय कितीही चांगलं असलं, तरी कीबोर्डवरची प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्राम आत बसलेला असू शकतो. त्यावर कुठलंच कूटलेखन चालत नाही.

राहता राहिला त्याचा डेटा. दुपारपर्यंत तो संपवणारा मुलगा नसून बहुधा विंडोज आहे. फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला साधं वायफाय वाटतो आणि तो निवांतपणे एक-दोन जीबीचे अपडेट उतरवतो. हॉटस्पॉटच्या ‘प्रॉपर्टीज’मध्येच ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करायला सांगा, म्हणजे बरेचसे अपडेट थांबतील. वनड्राइव्हचं सिंक आणि ब्राउझरमधले आपोआप चालणारे व्हिडिओही बंद करावेत. हॉटस्पॉटला पासवर्ड बारा अक्षरांचा ठेवावा, नावात स्वतःचं नाव नको. टेबलाशी प्लग असेल, तर फोन यूएसबीच्या तारेने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ वापरावं. फोन चार्जही होत राहतो आणि हवेत काही जातच नाही. अपडेट मात्र कायमचे अडवून ठेवू नयेत. घरी आला, की घरच्या वायफायवर रात्रभर लॅपटॉप चालू ठेवून ते उतरवून घ्यावेत.